पाकिटावर लिहिलेलं वजन खरंच आत असतं का? घरी तपासायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

तूरडाळीचं एक किलोचं पाकीट घरच्या काट्यावर ठेवलं. आकडा आला 1006. मन निवांत झालं, सहा ग्रॅम जास्तच आहे की! मग डाळ डब्यात ओतली, रिकामं प्लॅस्टिक झटकून काट्यावर ठेवलं तर ते भरलं 11 ग्रॅम. म्हणजे डाळ 995 ग्रॅम. आता वाटायला लागलं की पाच ग्रॅम मारले.

पहिल्यांदा काटा घेऊन बसणारा प्रत्येक जण या दोन टोकांपैकी एकावर जातो, आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. 1006 मध्ये पाकिटाचं वजन धरलेलं होतं. आणि पाच ग्रॅम कमी भरलेलं ते एक पाकीट कायद्याच्या दृष्टीने दोषी नाही. पण तसली दहा पाकिटं ओळीने सापडली, तर दोष नक्की आहे. हा फरक समजला की अर्धं काम झालं. गेली काही वर्षं मी महिन्याचं वाणसामान आलं की त्यातल्या दोन-तीन वस्तू तपासते. सुरुवातीला केलेल्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: आपला काटा खरा आहे का ते बघा

पाच किंवा दहा किलोपर्यंत वजन घेणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा काटा पुरतो. पण दुकानदाराच्या काट्याला सरकारी पडताळणीचा शिक्का असतो, तसा आपल्या काट्याला नसतो. म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यायची.

त्यासाठी दहा रुपयांची नाणी काढा. 2011 पासूनची, रुपयाचं चिन्ह असलेली, दोन धातूंची. या नाण्याचं ठरलेलं वजन 7.71 ग्रॅम आहे, आणि 2019 नंतरच्या नव्या नाण्याचं 7.74. तेरा नाणी एकावर एक रचली की शंभर ग्रॅमच्या किंचित वर भरतात. काट्याने 100 किंवा 101 दाखवलं तर ठीक. 97 किंवा 104 दाखवलं, तर त्या काट्याच्या भरवशावर कोणावर आरोप करू नका. 65 नाणी जमली तर अर्ध्या किलोची परीक्षा होते, 501 ते 503 च्या आसपास यायला हवं. एवढी नाणी घरात नसतात, म्हणून मी आमच्या भाजीवाल्या मावशींकडून अर्धा किलोचं लोखंडी वजन पाच मिनिटांसाठी मागून घेते. त्या वजनांची दर दोन वर्षांनी आणि व्यापारी काट्यांची दरवर्षी फेरपडताळणी होते, आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं.

काटा ओट्यावर सपाट ठेवा, खाली फडकं नको. पंखा बंद करा, कारण चिप्सचं फुगलेलं पाकीट काट्यावर असेल तर वाऱ्याने दोन-तीन ग्रॅमचा खेळ सहज होतो. बॅटरी उतरली असेल तर आकडा नाचतो. आणखी एक गोष्ट: हे काटे शून्याजवळचे बारीक बदल गिळून टाकतात. चिमूट-चिमूट मीठ टाकत गेलात तर काही ग्रॅम पडेपर्यंत काटा शून्यच दाखवत राहील. म्हणून वस्तू एकदम ठेवावी. वीस-पंचवीस ग्रॅमची छोटी पाकिटं असतील तर दहा एकत्र तोलून भागाकार करावा.

दुसरं काम: लेबल वाचा, तेही दुकानात उभं असताना

आपल्याकडे पाकिटावर काय छापायचं हे वैध मापनशास्त्र अधिनियम, 2009 आणि त्याखालचे 2011 चे पॅकबंद वस्तूंचे नियम ठरवतात. पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं असावंच लागतं. यातला ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा. निव्वळ म्हणजे वेष्टनाशिवाय. फक्त बाहेरचं प्लॅस्टिक नव्हे, बिस्किटांच्या खालचा ट्रे, चॉकलेटची चांदी, ओल शोषणारी छोटी पुडी, हे काहीच त्या वजनात धरायचं नसतं.

दहा ग्रॅम किंवा दहा मिलीलीटरपर्यंतच्या अगदी छोट्या पाकिटांना या नियमांतून सूट आहे, त्यांच्या नादी लागू नका.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. ‘पूर्वी पुडा शंभर ग्रॅमचा होता, आता कमी भरतो’ ही वजन मारल्याची तक्रार होत नाही, जर पुड्यावर कमी वजन स्पष्ट छापलेलं असेल तर. चहा, बिस्किटं, तेल अशा ठरावीक वस्तू ठरावीक मापांतच विकायच्या असं बंधन पूर्वी होतं. 2021 च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं आणि त्याऐवजी एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पैसे पडतात ते छापायला लावलं. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅममागे, किलोच्या वर असेल तर किलोमागे. हा छोटा आकडा कमाल किमतीच्या आसपास कुठेतरी असतो. ग्राहकाच्या हातात त्याच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही, आणि त्याच्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. समजा, तेलाची 910 ग्रॅमची पिशवी 148 रुपयांना आहे आणि शेजारी 850 ग्रॅमची 140 ला. दोन्ही पिशव्या दिसायला सारख्याच. दुसरी आठ रुपयांनी स्वस्त वाटते, पण किलोमागे ती 165 रुपयांच्या जवळ जाते आणि पहिली 163 च्याही आत राहते.

तिसरं काम: धडा करणं

जुने वाणी तेलाची बरणी भरण्याआधी दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी टाकून तागडी समान करायचे. त्याला धडा करणं म्हणत. आपल्यालाही तेच करायचं आहे, फक्त उलट्या क्रमाने.

एकाच वस्तूची, एकाच बॅच नंबरची पाच-सहा पाकिटं मिळवा. सगळी न फोडता तोला आणि आकडे लिहा. मग त्यातलं एकच फोडा. आतला माल काढून वेष्टन नीट झटका, कोपऱ्यात अडकलेले दाणे काढा, पीठ असेल तर कोरड्या ब्रशने पुसा, तेल-दूध असेल तर पिशवी धुऊन वाळवा. त्या रिकाम्या वेष्टनाचं वजन घ्या. एकाच बॅचची वेष्टनं जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे तो आकडा उरलेल्या सगळ्या पाकिटांतून वजा करता येतो. अशा रीतीने पाच पाकिटांचं निव्वळ वजन तुम्हाला कळलं आणि ती फोडावीही लागली नाहीत.

न फोडण्यावर माझा एवढा जोर का? कारण फोडलेलं पाकीट म्हणजे फक्त तुमचा शब्द. त्यातून अर्धी मूठ काढली नाही हे कसं दाखवणार? सीलबंद पाकीट मात्र वजनमापे खात्याच्या निरीक्षकासमोर पुन्हा तोलता येतं.

एकच वेष्टन तोलताना एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा कमी पडतो. पाकिटं वापरून संपतील तशी वेष्टनं जपून ठेवा आणि पाच-सहा एकत्र तोला.

चौथं काम: किती कमी चालतं ते माहीत करून घ्या

यंत्राने भरलेलं कुठलंही पाकीट अगदी ग्रॅमवर येत नाही. एकात दोन ग्रॅम जास्त, एकात तीन कमी. म्हणून नियमांच्या पहिल्या परिशिष्टात एका पाकिटात जास्तीत जास्त किती चूक चालेल ते ठरवून दिलं आहे. हे आकडे मी शिधा ठेवायच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत:

50 ग्रॅमपर्यंत: 9 टक्के
50 ते 100: 4.5 ग्रॅम
100 ते 200: 4.5 टक्के
200 ते 300: 9 ग्रॅम
300 ते 500: 3 टक्के
500 ते 1000: 15 ग्रॅम
1 ते 10 किलो: 1.5 टक्के
10 ते 15 किलो: 150 ग्रॅम
त्यावर: 1 टक्का

मिलीलीटरलाही हेच लागू. म्हणजे पाव किलो चहात 9 ग्रॅम, एक किलो साखरेत 15, पाच किलो आट्यात 75. (परदेशात राहणाऱ्यांसाठी: युरोपात पाकिटावर वजनाशेजारी लहान इंग्रजी ई सारखं चिन्ह असेल, तर तिथेही सरासरीचीच पद्धत आहे आणि चालणाऱ्या चुकीचे आकडेही असेच आहेत.)

पाचवं काम: सरासरी

वरची यादी वाचून पहिल्यांदा मला राग आला होता. किलोमागे पंधरा ग्रॅम मारायची सरळ परवानगीच दिली की काय? तसं नाही. सूट एका पाकिटापुरती आहे. निरीक्षक कारखान्यात किंवा गोदामात तपासायला जातो तेव्हा बॅचमधून नमुने उचलतो, आणि त्या नमुन्यांची सरासरी लेबलवरच्या वजनाइतकी किंवा त्याहून जास्त भरावी लागते. काही कमी भरली तर काही तितकीच जास्त भरायला हवीत. सगळीच पाकिटं 990 ची निघाली, तर त्यातलं एकही पंधरा ग्रॅमच्या मर्यादेबाहेर नाही, पण बॅच नापास.

घरबसल्या हे तपासायचं तर एकट्याचं काम नाही. आमच्या इमारतीत सहा घरांनी ठरवून एकाच दिवशी एकाच सुपरमार्केटमधून अर्धा किलो शेंगदाण्याचं पाकीट आणलं. दुकानानेच मागच्या बाजूला भरून, स्टिकर लावून मांडलेलं पाकीट, वरून दाबून बंद होणारी जाड पिशवी. सहाही पाकिटं आमच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने ठेवली. वजनं आली 500, 499, 501, 500, 498, 500. तीन अगदी बरोबर पाचशे! शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘बघ, उगाच संशय घेत होतो आपण.’ मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग एक पिशवी फोडली, शेंगदाणे परातीत ओतले आणि रिकामी पिशवी स्टिकरसकट काट्यावर ठेवली. सात ग्रॅम.

म्हणजे आतले दाणे 493, 492, 494, 493, 491, 493. सरासरी 493 च्याही किंचित खाली. एकही पाकीट 485 च्या खाली नव्हतं, त्यामुळे कोणतंही एक पाकीट घेऊन भांडायला गेलो असतो तर हात हलवत परत आलो असतो. पण सहाची सहा एकाच बाजूला आणि एवढी जवळजवळ झुकली होती की कारण समोर दिसत होतं: भरणारा माणूस पिशवीसकट पाचशे तोलत होता. धडा करत नव्हता.

आम्ही दोघीजणी पाच सीलबंद पाकिटं, एक रिकामी पिशवी आणि वही घेऊन दुकानात गेलो. आवाज चढवला नाही. व्यवस्थापकांना त्यांच्याच काट्यावर रिकामी पिशवी ठेवायला सांगितलं. तिथेही सात ग्रॅम दिसल्यावर ते स्वतःच मागे भरणाऱ्या मुलाकडे गेले. त्या मुलाला काट्यावरचं वेष्टन वजा करायचं बटण कोणी दाखवलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याच शेंगदाण्याची पाकिटं 507-508 भरली. मापात पाप करायचं त्या पोराच्या मनातही नव्हतं, पण दर पाकिटामागे सात ग्रॅम शेंगदाण्याचे पैसे आपण पिशवीपायी मोजत होतो हेही तितकंच खरं.

म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी दुकानात भरलेल्या मालापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे: डाळी, सुकामेवा, कडधान्यं, मसाले. मोठ्या कारखान्यात काटा आणि भरणी यंत्राची असते, इथे सगळं हाताचं असतं. दिवाळीत मिठाई खोक्यासकट तोलतात तोही याच जातीचा प्रकार. काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा विकत घ्यायचा नसेल, तर रिकामं खोकं आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा. तो आपला हक्क आहे, मागायला लाजू नका.

तेल, दूध आणि पाकातल्या वस्तू

लीटरमध्ये विकलेली वस्तू ग्रॅमच्या काट्यावर ठेवून ‘नव्वद ग्रॅम कमी!’ असं ओरडणारे फोटो फिरत असतात. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लीटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, तेवढं असेल तर ते पूर्ण आहे. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे तापमान बदललं की लीटरमधलं वजनही बदलतं. एक लीटर सोयाबीन तेल 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम असतं आणि 60 अंशांना 893 च्या आसपास. काही पिशव्यांवर असलं चढं तापमान छापून माप दिलेलं असायचं. म्हणून 2022 मध्ये केंद्र सरकारने तेलवाल्यांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लीटरसोबत ग्रॅमही छापा. तेव्हा तेलाच्या पिशवीवर ग्रॅमचाच आकडा बघायचा. तो नागपूरच्या मे महिन्यातही तोच राहतो आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरातही.

दूध उलट, पाण्यापेक्षा जड. अर्धा लीटर दूध जवळपास 515 ग्रॅम भरायला हवं, पिशवी सोडून. काट्यावर बरोबर 500 दिसलं आणि तुम्ही खूश झालात, तर ते दूध प्रत्यक्षात कमी आहे.

रसगुल्ल्यांच्या डब्यावरच्या एक किलोत पाकही धरलेला असतो. काही डब्यांवर पाक निथळून उरणारं वजन वेगळं दिलेलं असतं. असेल तर चाळणीत दोन मिनिटं निथळून त्याच्याशी पडताळा. आइस्क्रीम मिलीलीटरमध्ये विकतात आणि त्यात हवा घोटलेली असते, त्यामुळे ते ग्रॅममध्ये तोलून माप कळत नाही. पाव, गूळ, खजूर यांतली ओल उडते. आणल्या दिवशीच तोला, आठवडाभराने तोलून तक्रार करू नका.

कमी भरलंच, तर

सीलबंद पाकीट मर्यादेपेक्षा कमी भरलं, किंवा पाच-सहाची सरासरी सरळ खाली आली, तर पुढचं पाऊल उचला. मूळ बिल, बॅच नंबर, महिना, कमाल किंमत आणि काट्यावरचा आकडा एकाच फोटोत दिसेल असा फोटो, आणि किमान एक-दोन सीलबंद पाकिटं, एवढं हाताशी हवं. त्याच फोटोंच्या आधी नाण्यांनी काटा तपासल्याचाही एक फोटो काढून ठेवा, फार उपयोगी पडतो.

दुकानाने भरलेलं असेल तर आधी दुकानात. कंपनीचं असेल तर पाकिटावरच्या ग्राहक संपर्कावर लेखी कळवा, म्हणजे तारीख राहते. उत्तर समाधानाचं नसेल, किंवा प्रकार मोठा वाटत असेल, तर आपल्या जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात जा. लोक अजूनही त्याला वजनमापे खातंच म्हणतात. महाराष्ट्रात ते अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली येतं. अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो: काय घेतलं, कुठे, कधी, किती भरलं, आणि सीलबंद पाकिटं सोबत आणली आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथेही तक्रार नोंदवता येते.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. केरळात त्रिशूरच्या आयोगाने 2024 मध्ये बिस्किटांच्या दोन पुड्यांच्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. पुड्यावर 300 ग्रॅम लिहिलेलं, एक भरला 268 आणि दुसरा त्याहूनही कमी. भरपाई आणि खर्च मिळून साठ हजार रुपये द्यायचा आदेश झाला. त्या ग्राहकाने एक गोष्ट फार शहाणपणाची केली होती: पुडे घेऊन तो आधी तिथल्या वजनमापे कार्यालयात गेला आणि त्यांच्याकडून वजनाची खात्री करून घेतली. आयोगासमोर घरच्या काट्याचा आकडा नव्हता, सरकारी काट्याचा होता.

तोवर ती सीलबंद पाकिटं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा आणि वरती चिठ्ठी लावा, ‘फोडू नये’. आमच्याकडे एकदा पुराव्याचा पुडा पाहुण्यांसमोर चहाबरोबर मांडला गेला होता.